याशिवाय दुसरे वारस नाहीत

भावाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घरात मिठाईबरोबर एक फॉर्मही आला. जातपडताळणीचा. त्यात वंशावळ लिहायची होती. अर्जदार, वडील, आजोबा, पणजोबा आणि माहीत असल्यास त्यांच्या वरचे. सोबत प्रतिज्ञापत्र, आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा, राहण्याचा पुरावा. भाऊ नोकरीच्या धावपळीत. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, मोकळी. त्यामुळे काम माझ्याकडे आले.

आजोबांपर्यंत पेन सहज चालले. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. पणजोबांपाशी, म्हणजे पडदादांपाशी, ते थांबले. नाव माहीत होते, पण ते कधी जन्मले, कधी वारले, काय करायचे, यातले काहीच धड सांगता येईना. अब्बांचे वय नव्वदीच्या पुढे. त्यांना विचारले तर ते म्हणाले, "अपने लोगां बिजापूरसे आए. आदिलशाही में सरदार थे." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तुमच्या घरातही असे एखादे वाक्य असेल. कुणाचे विजापूरहून, कुणाचे अरबस्तानातून, कुणाचे थेट बगदादहून. सय्यद आणि पीरजादे घराण्यांकडे शजरा जपलेला असतो, कोकणातल्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांना अरबी व्यापाराचा खरा इतिहास आहे. पण माणदेशातल्या कोरडवाहू गावात सरदार कशाला येऊन राहील, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता.

अडचण आणखी एक होती. गावात आम्ही मुलाणी. अब्बा एस.टी.त लागले आणि शहरात आले तेव्हा त्यांनी आडनाव शेख लावले. त्या काळात अनेकांनी तसे केले. अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार, पिंजारी, मुजावर ही आपली जुनी आडनावे म्हणजे चालतेबोलते कामाचे पुरावे होती. ती बदलली तेव्हा कुणाला वाटले असेल की पन्नास वर्षांनी नातीला हाच पुरावा शोधत फिरावे लागेल? अब्बांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जात या रकान्यात फक्त "मुसलमान" लिहिले होते. तेवढ्याने भागणार नव्हते.

म्हणून मी गावी गेले. गावाचे नाव इथे लिहीत नाही, पडदादांचेही नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यातली माणसे हयात आहेत, आणि त्यांना या लेखाने अवघडल्यासारखे होऊ नये.

पहिल्यांदा गेले ते कागदांकडे नव्हे, माणसांकडे. आमच्या वाड्यासमोर पाटलांचे घर आहे. घरातले थोरले आता पंच्याऐंशीच्या घरात. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या पणज्याबिगर आमच्या घरात मटाण शिजायचं न्हाई. जत्रंचं बकरं आसू द्या न्हाईतर पावण्यांचं, मुलाण्यानं सुरी फिरवायची, मग वाटं पडायचं. त्यात एक वाटा त्येंचा." मग त्यांनी मोहरमचे सांगितले. पंजे कुठे बसायचे, डोला कुठून निघायचा, पुढे हलगी कोण वाजवायचे. सगळे गाव असायचे म्हणे. सरदारकीचा विषय मी काढलाच नाही.

मुलाणी हा गावगाड्याचा बलुतेदार. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव यांच्यासारखाच. सुगीला खळ्यावर जायचे आणि ठरलेले धान्य आणायचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली आले. खेड्यातल्या या देण्याघेण्याचा, त्यातल्या मानाचा आणि अपमानाचाही, इतका बारीक तपशील दुसरीकडे मिळणे अवघड. ज्यांचे पूर्वज खेड्यात कसलेही बलुते-अलुते करत होते त्यांनी ते जरूर वाचावे. आत्रे बलुतेदारांवर जागोजागी चिडलेले आहेत, हे धरूनच वाचावे लागते.

हिंदू शेजाऱ्यांचे एक बरे असते. दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांत हेळवी येतो, वही उघडतो आणि पिढ्या वाचून दाखवतो. त्र्यंबकेश्वरासारख्या तीर्थक्षेत्री उपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. आपल्या खेड्यातल्या साध्या मुसलमान घराची वही कुणी ठेवली? दफनभूमीत बहुतेक कबरी मातीच्या, पावसाने सपाट झालेल्या. नावाचा दगड एखाद्याच कबरीवर. मला वाटायचे की आपला माग लागणारच नाही. ते खरे नव्हते. आपली वही सरकारने ठेवली होती, शेतसाऱ्यासाठी.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी वाट थोडक्यात सांगते. आजचा सातबारा घ्यावा. त्यावर गोल करून फेरफारांचे नंबर लिहिलेले असतात. प्रत्येक नंबर म्हणजे जमिनीत झालेला एक बदल असतो. खरेदी, वाटणी, कुळाची नोंद, वारस. त्या नंबराने फेरफार वहीतला, म्हणजे गाव नमुना ६ मधला, उतारा मागायचा. त्यात त्याआधीच्या नोंदीचा माग मिळतो, की पुन्हा त्याच्या मागे जायचे. पायरीपायरीने उतरत जायचे, विहिरीत उतरतात तसे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या वाटेने जाता येते. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आहेत, ते आधी जुळवून घ्यावे लागते. नाहीतर माणूस दुसऱ्याच्याच रानात शिरतो. मी शिरले होते, आणि आठ दिवस एका अनोळखी घराण्याचे भांडण वाचत बसले होते.

त्याच्या मागे भूमी अभिलेखाकडचे कडईपत्रक असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, म्हणजे कोतवालाने सांगितलेल्या जन्ममृत्यूंचे रजिस्टर. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्यानंतर कडईपत्रक, खासरापत्रक, नमुना १४ हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. तोपर्यंत या कागदांना कुणी विचारत नव्हते. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख आता संगणकावरही दिसतात. पण मी म्हणेन, शक्य असेल तर वही हातात घ्यावी. शेजारच्या नोंदी वाचायला मिळतात, आणि आपला माणूस शेजाऱ्यांशिवाय कळत नाही.

पडदादांची पहिली नोंद दिसली तेव्हा मी पान उलटून पुढे गेले होते. मुसलमानाचे नाव शोधणारी माझी नजर त्या नावावर थांबलीच नाही. दगडाधोंड्यावरून ठेवलेले नाव होते ते. आधीची मुले जगली नाहीत की पुढच्याचे नाव असे ठेवायचे, म्हणजे नजर लागत नाही, अशी खेड्यातली समजूत. ती आपल्या घरांतही होती. घरात बोलायचे नाव वेगळे, मशिदीत वेगळे, तलाठ्याकडे वेगळे. त्याच वहीत मराठ्याच्या नावापुढे बापाचे नाव "बिन" लावून लिहिलेले, आणि आमच्या नावापुढे "वलद". दोन्ही शब्द अरबीतून आलेले. बायकांच्या नावापुढे नवऱ्याचे नाव "कोम" लावून, तेही सर्व जातींत. नुसत्या नावावरून धर्म ओळखायला गेले की फसायला होते. बापाचे नाव, शेताची चतुःसीमा आणि "मुलाणी" हा शब्द, तिन्ही जुळले तेव्हा मला खात्री पटली.

मग नमुना १४. पडदादांच्या बायकोची, माझ्या पडदादीची, मृत्यूची नोंद १९१८ च्या ऑक्टोबरात सापडली. ते पान मी विसरणार नाही. एरवी महिन्याला दोन-चार नोंदी असणाऱ्या रजिस्टरात त्या महिन्याची पानेच्या पाने भरलेली. मराठा, महार, माळी, मुसलमान, एकाखाली एक. कारण या रकान्यात "ताप", खाली ताप, त्याखाली ताप. पुढे पुढे लिहिणाऱ्याने शब्दही लिहिला नाही, नुसती रेघ ओढली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई इलाख्यात त्याच दिवसांत सर्वांत जोरात होती. पडदादीचे नाव मात्र नव्हते. "अमक्याची बायको" एवढेच.

पडदादा त्यानंतर तेरा वर्षे जगले. १९३१ साली वारले, आणि १९३२ मध्ये वारसाचा फेरफार झाला. तो उतारा मी तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर बसून वाचला. मजकूर असा: अमुक खातेदार मयत झाले, त्यांस वारस दोन मुलगे, याशिवाय दुसरे वारस नाहीत, सबब थोरल्या मुलाच्या नावे ए.कु.मॅ. म्हणून नोंद केली. वर्दी देणार म्हणून थोरल्या मुलाची सही. थोरला मुलगा म्हणजे माझे दादा.

मी तो कागद पिशवीत घातला. एस.टी.त बसले. दहिवडी मागे पडल्यावर माझ्या लक्षात आले, की दादांना बहीण होती.

अब्बांची फुप्पी. आम्ही तिला फुप्पीदादी म्हणायचो. मी चार-पाच वर्षांची असेन तेव्हा ती वारली. खटाव तालुक्यात दिलेली होती. मला तिची हिरवी काकणे आठवतात आणि पदराच्या गाठीतली साखर आठवते. १९३२ साली ती चांगली हयात होती, तिला मुलेबाळे होती. आणि माझ्या दादांनी, जे पाच वक्ताची नमाज कधी चुकवत नसत, त्यांनी सरकारला लिहून दिले होते की याशिवाय दुसरे वारस नाहीत.

हक्कसोडपत्र शोधले. कुठे नव्हते. तिने लिहून दिले असते तर गोष्ट निराळी. तिला विचारलेच गेले नव्हते. ती कागदावर जन्मलीच नव्हती.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हा शब्द हिंदू एकत्र कुटुंबाच्या पद्धतीतला. आपल्या कायद्यात असा मॅनेजर नाही. माणूस ज्या क्षणी डोळे मिटतो त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो, तो कुणी मॅनेजरने द्यायचा नसतो. सूरह अन-निसामध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट आणि मुलीला तिचा असा स्पष्ट हिस्सा सांगितला आहे. पण फेरफार वहीचा साचा गावात सर्वांसाठी एकच होता, आणि तो साचा आमच्या पुरुषांनाही सोयीचा पडला. शेजारी बहिणीला जमीन देत नव्हते, आपणही दिली नाही. शेजाऱ्याच्या रीतीतले नेमके हेच आपण उचलले.

मी हिशेब केला. शिक्षिकेची सवय. जमीन चौदा एकर वीस गुंठे, जिराईत. आई आधीच वारलेली. दोन मुलगे, एक मुलगी, म्हणजे पाच भाग. भावांना दोन-दोन, बहिणीला एक. दोन एकर छत्तीस गुंठे. माणदेशात त्या काळी त्यातून काय पिकणार? बरे साल असले तर ज्वारी, मटकी, थोडी करडई. पण दोन एकर छत्तीस गुंठे तिचे होते.

या सगळ्यात जातपडताळणी विसरले नव्हते. तिची गोष्ट लवकर संपते. गावच्या इनामांच्या कागदांत आमच्या घराचा "मुलाणी" म्हणून उल्लेख असणार, असे एका अभ्यासकांनी सुचवले. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसवले आणि खेड्यापाड्यांतल्या इनामदारांना आपापला हक्क कागदाने सिद्ध करायला लावले. गरिबांना तो जाच झाला. पण त्यामुळे कागद तयार झाले, आणि त्यांतले पुष्कळ पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. ते मोडीत असतात. मी मोडीचा अभ्यासवर्ग केला. अक्षर लागायला मला तीन महिने लागले, आणि अजूनही जाणकाराला विचारल्याशिवाय मी काही पक्के धरत नाही.

पण एक गंमत सांगते. मोडी कागदातली तारीख आपल्या माणसाला लवकर लागते. महिने मोहरम, सफर, रबिलावल, साबान, रमजान असे. तिथीच्या आधी "छ" हे अक्षर, चंद्राची तारीख म्हणून. आणि सन अरबी आकड्यांत लिहिलेला, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. ब्राह्मण कारकुनाने मराठ्यांच्या राज्यात, मराठी भाषेत, मोडी लिपीत लिहिलेला कागद, आणि त्याच्या माथ्यावर ही तारीख. आमच्या कागदात जुन्या सनदेचा हवाला होता: "सन अर्बा मयातैन व अलफ". चार, दोनशे आणि हजार. शुहूर सन १२०४. त्यात ५९९ मिळवले की १८०३, पावसाळ्यात साल बदलते म्हणून १८०३-०४. दख्खनेत मोठा दुष्काळ पडला ते साल. त्या साली गावाने मुलाण्याला मशिदीच्या दिवाबत्तीसाठी तीन एकरांचा तुकडा दिला होता, किंवा आधी दिलेला पक्का केला होता. वाक्यरचना दोन्हीकडे लागते.

भाचीला प्रमाणपत्र मिळाले. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. अल्हम्दुलिल्लाह. दिवाबत्तीचा तो तुकडा देवस्थान इनाम आहे, वर्ग ३. म्हणजे तो आमचा नाहीच, मशिदीचा आहे. चुलत भाऊ तो कसतात आणि मशिदीला वर्षाला काय देतात हे मी त्यांना विचारले आहे. उत्तराची वाट पाहते आहे.

सरदार कुठेही सापडला नाही. अब्बांना सांगितले तेव्हा ते थोडे हिरमुसले. मग मी त्यांना १८०३ चा सन वाचून दाखवला. सात पिढ्या एकाच मशिदीत दिवा लावत होत्या, हे ऐकून ते बराच वेळ त्या झेरॉक्सवरून बोट फिरवत राहिले. माझ्या मते हा सौदा तोट्याचा नाही. बिजापूरचा सरदार आम्हाला कुणी दिला असता तरी त्याचे घर, त्याचे रान, त्याचे शेजारी दिले नसते.

फुप्पीदादीचे मात्र मी त्यांना महिनाभर सांगितले नाही. नव्वदीच्या माणसाला त्याच्या बापाविषयी असे काही सांगावे का? भाऊ म्हणाला, "आपा, जाऊ दे. नव्वद वर्षं झाली. कोण विचारतंय?" वहिनी गप्प होती. नंतर ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मलाही माहेरी काही मिळालं नाही. मी मागितलंही नाही." तेव्हा मात्र मला वाटले, की सांगितले पाहिजे.

अब्बांनी उतारा मला वाचायला लावला. दोनदा. मग म्हणाले, "पोतं जायचं." मला कळेना. त्यांनी सांगितले, की दर वर्षी सुगी झाली की दादा एक पोते ज्वारी बैलगाडीत घालून बहिणीकडे खटावला पाठवायचे. अब्बा स्वतः दोनदा गाडीबरोबर गेले होते. दादा १९५८ मध्ये वारले, त्यानंतर पोते बंद झाले. "मला वाटायचं बहिणीवर जीव आहे म्हणून देतात," अब्बा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "जीव होताच."

दादांना ठाऊक होते, तर मग. दर वर्षी एका पोत्याएवढे ठाऊक होते.

मी खटावला गेले. फुप्पीदादीची धाकटी मुलगी हयात आहे, शहाऐंशी वर्षांची. दिसत कमी, ऐकू चांगले येते. मी तिच्या पायाशी बसले आणि विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होते. तिनेच विचारले, "कोणच्या घरची तू? पोतंवाल्यांच्या?" त्यांच्या घरात आमचे नाव ते होते. तिची आई गाडी दारात आली की म्हणायची, "माझ्या रानातलं आलं." भावाने दिले असे नाही. माझ्या रानातले.

म्हणजे दोन्ही घरांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त आमच्या पिढीला, ज्यांच्या नावावर आता जमीन आहे.

त्या म्हातारीने मला आणखी दोन गोष्टी दिल्या. एक निकाहनामा. तालुक्याच्या काझींच्या दफ्तरात असेल, म्हणाली, आणि खरेच होता. काझींच्या वारसांनी जुनी वही कापडात बांधून जपली आहे. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. १९२५ सालची नोंद. दुल्हनचे नाव, बापाचे नाव, वकील, दोन गवाह, मेहर एकशे सत्तावीस रुपये आठ आणे. तलाठ्याच्या वहीत जी कधी नव्हतीच, ती इथे स्वतःच्या पूर्ण नावाने, कारण तिच्या होकाराशिवाय निकाह होत नाही. गवाहांत पहिली सही तिच्या थोरल्या भावाची. फेरफारावर आहे तीच वळणदार सही. सात वर्षांचे अंतर.

वाचक भगिनींना एवढेच सांगते, की घराचा इतिहास शोधताना काझींची वही आधी पाहा. फेरफार वहीत पुरुष सापडतात. बायका निकाहच्या वहीत आहेत. गावोगावच्या अशा वह्या वाळवीच्या आणि गळक्या छपराच्या भरवशावर आहेत. काझी घराण्यांनी परवानगी दिली तर कुणा शिकल्या मुलामुलींनी निदान मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवायला हवेत. आमच्या भागातल्या वहीची पहिली पाने आधीच गेली आहेत.

पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. अब्बांच्या वाट्याची जमीन आता चार एकर उरली आहे. बाकीची विकली गेली, थोडी रस्त्यात गेली. पाचांतला एक भाग धरला तर आमच्या चार एकरांतून बत्तीस गुंठे निघतात. ते फुप्पीदादीच्या मुलांनातवंडांच्या नावे करून द्यावेत असे अब्बांनी सांगितले. भाऊ आधी तयार नव्हता. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. विकलेल्या जमिनीचे पैसे दोन्ही घरांनी खाल्ले, मग आपण एकट्यांनीच का भरायचे? दुसऱ्या घरचे चुलत भाऊ तर बोलायलाच तयार नाहीत. एकाने मला फोनवर ऐकवले, की शिकलेल्या बायका घरात भांडणे आणतात. वकिलांनी सांगितले की इतक्या वर्षांनी कोर्टात हे टिकेल की नाही याचा भरवसा नाही, पण राजीखुशीने बक्षीसपत्र करून देता येते, त्याला कुणाची हरकत नाही. रमजानमध्ये भावाने कागद करायला सांगितले. तलाठ्याकडे अजून चकरा सुरू आहेत. ज्यांना द्यायचे ते वारस आता एकवीस आहेत, त्यांतले दोघे सौदीत, आणि बत्तीस गुंठ्यांत एकवीस नावे कशी बसवायची हा नवाच घोर. त्यांचे एकमत झाले तर एकाच्या नावे करू म्हणतात.

या सुगीला अब्बांनी पोते पाठवले. पासष्ट वर्षांनी. ज्वारी आता आम्ही पिकवत नाही, बाजारातून आणली. फुप्पीच्या मुलीने पोत्यावर हात फिरवला, दाणे चाचपले आणि विचारले, "हे आपल्या रानातलं नव्हं ना?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "कळतंय."

तिने दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे पडदादीचा माग. नाव तिलाही ठाऊक नाही. १९१८ मध्ये आई गेली तेव्हा फुप्पीदादी दहा वर्षांची होती. आईला सगळे कोणत्या नावाने हाक मारत, एवढेच तिच्या लक्षात राहिले होते, आणि तेच तिने आपल्या मुलीला सांगितले. फलटणवाली. कागदावर "अमक्याची बायको", तोंडात "फलटणवाली".

जातपडताळणीला जी वंशावळ जोडली तिच्यात फक्त बापांची नावे आहेत. फॉर्म तसाच आहे. घरासाठी मी दुसरी काढली आहे, मोठ्या कार्डशीटवर. तिच्यात फुप्पीदादी आहे, तिची मुलगी आहे, माझी वहिनी आहे, भाची आहे. पडदादांच्या शेजारच्या चौकटीत शिसपेन्सिलीने फलटणवाली लिहिले आहे. निकाह १८९० च्या दशकात कधीतरी झाला असणार. फलटणला जुने काझींचे दफ्तर कुणाकडे आहे याची चौकशी केली. एका घराचा पत्ता मिळाला आहे. ईदनंतर जाणार आहे.